मऊ खा, कमी बोला

माझा जबडा पहिल्यांदा अडकला तेव्हा मी ह्यांना गॅस बंद करायला सांगत होते. माझे दोन्ही हात कणकेत होते, कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या होत्या आणि हे स्वयंपाकघराच्या दारात पेपर घेऊन उभे होते. ‘गॅस’ म्हणायला तोंड उघडलं, उजव्या कानापुढे कट्‌ असा आवाज झाला आणि तोंड तिथंच राहिलं. मिटेना, की आणखी उघडेना. शिट्ट्यांचा ह्यांना काही उपयोग नाही, कारण माझ्या नवऱ्याला ऐकू येत नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत पुढच्या शब्दाची वाट पाहत उभे राहिले. शेवटी मी कणकेच्या बोटाने शेगडी दाखवली, तेव्हा त्यांनी पुढे होऊन गॅस बंद केला आणि म्हणाले, “एवढंच ना? मग तोंड कशाला वासून बसलीस?”

थोड्या वेळाने ते आपोआप सुटलं. मी कुणाला काही बोलले नाही. आमच्या घरात ताप आला तरच त्याला दुखणं म्हणतात, बाकी सगळं ‘होईल बरं’ ह्या खात्यात जमा. पण ते बरं काही झालं नाही. जांभई दिली की कट्‌, भाकरीचा तुकडा मोडला की कट्‌, आणि हळूहळू कट्‌ बंद होऊन नुसतं दुखणं राहिलं. तोंड पूर्वीसारखं उघडेना. एका सकाळी दात घासायला ब्रश आत घालताना मला तो आडवा करून घालावा लागला, तेव्हा मी घाबरले.

घाबरण्याचं कारण सांगायचं तर आमच्या बोलण्याची रीत सांगायला हवी. हे ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात प्रेसवर होते. पत्र्यावर दणादण घाव घालून त्याचे आकार काढणारी ती यंत्रं. शेडमध्ये अशी कितीतरी एका वेळी चालायची. मी एकदा विसरलेला डबा द्यायला गेले होते, तर दारातूनच कान झाकून मागे फिरले. अशा ठिकाणी माणसं बोलणार कशी? तर ती आवाजाच्या नादी लागतच नसत. तोंड मोठं करायचं, एकेक अक्षर ओठांवर स्पष्ट मांडायचं आणि आवाज अजिबात काढायचा नाही. समोरचा शेडच्या दुसऱ्या टोकाला असला तरी त्याला कळायचं. चहा सांगणं, शिवी हासडणं, साहेब येतोय म्हणून सावध करणं, सगळं असंच चालायचं.

हे तीच बोली घरी घेऊन आले. लग्न झालं तेव्हा आम्ही कारखान्याजवळच्या चाळीत दीड खोलीत राहायचो. सासू, सासरे, दीर, नणंद आणि आम्ही दोघं. नव्या नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायचं म्हटलं तर जागाच नव्हती. सासूबाई जमिनीवर भाजी निवडत बसलेल्या असत आणि त्यांच्या पाठीमागून हे मला तोंड मोठं करून विचारत, ‘संध्याकाळी तलावपाळीला येतेस का?’ पहिल्यांदा मला हसूच फुटलं. मग मी शिकले. पंधरवड्यात मी इतकी तरबेज झाले की भरल्या घरात आम्ही दोघं वाट्टेल ते बोलत होतो. सासूबाई शेजारपाजारी सांगायच्या, “सून गुणाची आहे हो, तोंडातून शब्द काढत नाही.”

पुढे ह्यांचे कान गेले. एकदम नाही, भिंतीचा रंग उडतो तसे हळूहळू गेले. कानात कापूस घालण्यापलीकडे तेव्हा कुणी काही करत नसे. डॉक्टर म्हणाले, नस खराब झालीय, ह्याला औषध नाही. कानाचं मशीन घेतलं, पण त्यातून ह्यांना शब्द यायचे नाहीत, नुसता खडखडाट यायचा. “मशीनने कान गेले, आता परत कानात मशीन कशाला?” म्हणून ह्यांनी ते काढून ठेवलं. मला त्याचं तेव्हा फार वाईटही वाटलं नाही, कारण आमचं काही अडत नव्हतं. आम्ही डोंबिवलीत मानपाडा रोडला घर घेतलं, मुलीचं लग्न होऊन ती पुण्याला गेली, हे रिटायर झाले, आणि सकाळच्या चहापासून दिवे मालवेपर्यंत आम्ही बोलतच असायचो. मालिकेत कोण काय म्हणालं ते मी सांगायचे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोण कुणाला काय टोमणा मारतोय ते सांगायचे, आणि वर माझं मत. दुसऱ्या कुणाचं तोंड ह्यांना वाचता येत नाही. लोक ओठातल्या ओठात बोलतात, मिशा ठेवतात, तोंडात गुटखा धरून बोलतात. कारखान्यातला ह्यांचा जोडीदार होता, तो कोकणात गावी निघून गेला. ही बोली बोलणारी आता मी एकटीच उरले होते.

मुलीने मध्ये एक पांढरा फळा आणि पेन आणून दिलं होतं. त्यावर ‘बँकेत जायचंय’ लिहिता येतं, पण फळ्यावर भांडता येत नाही. एवढ्या चवीने कुणाची उणीदुणी काढायची म्हटलं तर लिहीपर्यंत राग निघून जातो. मग तिने फोनमध्ये बोललेलं लिहून दाखवणारं काहीतरी घालून दिलं. मी सांगायचे एक, ते लिहायचं तिसरंच, आणि हे ते वाचून हसत बसायचे. तो फोन मी काही दिवस गादीखाली सारून ठेवला.

म्हणून मी औषधाला लागले. दुखणं कानापाशी होतं, तेव्हा आधी कानाचे डॉक्टर. त्यांनी दिवा घालून बघितलं आणि कान ठणठणीत असल्याचं सांगितलं. जबड्याचा सांधा दुखतोय, दातांच्या डॉक्टरांकडे जा, म्हणाले. घरात एवढं कानाचं रामायण झालेलं असताना माझे कान चांगले निघाले, ह्याचाही मला राग आला.

डोंबिवलीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या दातांचं माप घेऊन प्लास्टिकची पारदर्शक पट्टी बनवून दिली. ती रात्री दातांवर बसवून झोपायचं. “झोपेत तुम्ही दात आवळता,” म्हणाल्या. मी म्हटलं, “झोपेत कशाला, नणंद आली की जागेपणीही आवळते.” त्या हसल्या. खोटं कशाला बोलू, पट्टीने सकाळचं डोकं दुखणं कमी झालं. पण तोंड होतं तेवढंच उघडायचं. आणि पट्टी तोंडात असली की ओठ फुगीर दिसायचे. ह्यांना माझा एक शब्द कळत नसे. दिवे मालवायच्या आधीच्या आमच्या गप्पा त्या पट्टीने संपल्या.

जावेने कल्याणच्या वैद्यांचं नाव काढलं. त्यांनी गरम तेलाने कानशिलं चोळली, शेक दिला, नाकात थेंब सोडले आणि सकाळी तिळाचं तेल तोंडात धरून बसायला सांगितलं. चोळल्यावर इतकं बरं वाटायचं की मी तिथं बाकावरच पेंगायचे. घरी परत येईपर्यंत टिकायचं, संध्याकाळी पुन्हा ठणका सुरू. डॉक्टरीणबाईंनी बर्फ लावायला सांगितला होता. वैद्य म्हणाले, बर्फाचं नावही काढू नका. मी सकाळी एकाचं आणि दुपारी दुसरीचं ऐकायला लागले.

मग नणंदेला वाटलं की आपण मागे राहिलो. तिने कल्याणच्या पुढे मुरबाड रोडला एका हाडवैद्याकडे नेलं. दूरदूरचे लोक रिक्षा करून येतात, निखळलेले सांधे एका झटक्यात बसवतो, अशी त्याची ख्याती. त्याने दोन्ही अंगठे माझ्या दाढांवर ठेवले आणि खाली दाबून एक हिसका दिला. मी किंचाळले, तेही धड तोंड उघडून किंचाळता आलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आधी तोंडात दोन बोटं मावायची, आता एकच मावायला लागलं. जेवण म्हणजे गुरगुट्या भात आणि पेज. ह्यांना वाटलं मी उपास धरलाय.

मग मात्र ठाण्याला जबड्याच्या सर्जनकडे गेले. त्यांनी मोठ्या यंत्रातून फोटो काढायला लावले आणि पेनाने चित्र काढून समजावलं. सांध्यात मध्ये एक छोटी गादी असते. माझी ती पुढे सरकून अडकलीय, म्हणून हाड पुढे येत नाही, म्हणून तोंड उघडत नाही. स्नायू सैल पडायच्या गोळ्या दिल्या, त्या खाऊन मी दिवसभर लोळत राहिले. फरक नाही पडला तर सुया घालून सांधा आतून धुता येतो, म्हणाले. मी विचारलं, “धुतल्यावर आधीसारखं उघडेल ना?” त्यांनी विचारलं, “आधीसारखं म्हणजे किती?” आता ते मी कसं दाखवणार? ते म्हणाले, आधी फिजिओथेरपी करा, धुणं कुठे पळून जात नाही, आणि धुतलं तरी तोंड जन्मभर जपावं लागेल.

मी भाजी घेतानाही चार गाड्या फिरून मग दुधीला हात लावते. तेव्हा ह्या सगळ्यांची तुलना मी केलीच. एक म्हणते पट्टी, एक म्हणतो तेल, एक म्हणतो सुई. एकाचं गार, दुसऱ्याचं गरम. एक म्हणतो तोंडाला व्यायाम द्या, दुसरी म्हणते अजिबात ताणू नका. एकाचं दुसऱ्याला पटत नव्हतं, पण एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं. मऊ खा, कमी बोला. प्रत्येकाने मला विचारलंही होतं, फार बोलावं लागतं का, शिक्षिका आहात का, गाता का? मी सगळ्यांना मनापासून सांगितलं, “छे हो, आमचं घर म्हणजे एकदम शांत. दिवसदिवस माझ्या तोंडातून आवाज निघत नाही.” सगळ्यांनी मान डोलावली. मला एका क्षणासाठीही वाटलं नाही की आपण काही चुकीचं सांगतोय.

तोवर घरात भलतंच सुरू झालं होतं. तोंड धड उघडत नव्हतं, त्यामुळे माझे शब्द ह्यांना कळेनासे झाले. आधी हे “काय?” म्हणायचे. मग दोनदा “काय?” म्हणायचे. मग “हो हो” म्हणायला लागले. मी विचारावं भेंडी करू का, हे म्हणणार हो हो. मी विचारावं मग काय करू, तरी हो हो. एकदा मुलीचा व्हिडिओवर फोन आला. जावयांची नोकरी गेली होती, ती रडवेली झाली होती. मी ह्यांच्याकडे वळून सांगितलं. ह्यांना त्यातली ‘नोकरी’ तेवढी कळली. हे खुशीत येऊन मोठ्याने म्हणाले, “अरे वा! अभिनंदन सांग त्यांना, पेढे घेऊन या म्हणावं.” मुलीने तोंड फिरवलं. ह्यांनी तिचा चेहरा बघितला, मग माझा बघितला आणि काहीतरी चुकलं हे त्यांच्या लक्षात आलं. त्यानंतर तिचा फोन आला की हे उठून आतल्या खोलीत जाऊन बसायचे.

मला इतकी भीती आयुष्यात कशाची वाटली नव्हती. बहिऱ्या माणसाचं एक बरं असतं की तो बोलू शकतो, पण उत्तर येणं बंद झालं की तोही किती दिवस बोलणार? हे पूर्वी अखंड बडबड करणारे. आता पेपर दोनदा वाचायचे आणि जिन्याखाली वॉचमनजवळ जाऊन नुसते बसायचे. मी ओट्यापाशी उभी राहून शेगडीवरच्या भाताला शिव्या देत रडायचे. आवाजात बोलावं तर ह्यांना ऐकू येत नाही, तोंडाने बोलावं तर तोंड उघडत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय असतं ते मला आता कळलं होतं. मी मुलीला सांगून टाकलं की मी सांधा धुऊन घेणार, सुया घालू देत, चिरू देत, काय वाटेल ते करू देत. ती म्हणाली, “आई, आधी डॉक्टर सांगतायत ते तर कर.”

ते मी केलं. ठाण्याला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी होती, माझ्या मुलीपेक्षाही लहान असेल. तिने गरम शेकाची पिशवी गालावर ठेवून मग व्यायाम शिकवला. जिभेचं टोक टाळूला लावायचं आणि ते तसंच ठेवून तोंड हळूहळू उघडायचं. तिच्या हाताला गुण होता. तिच्या टेबलावरून उठले की तोंडात दोन बोटं आरामात जायची. पण पुढच्या खेपेला पुन्हा एक. ती वैतागायची. “काकू, इथे आपण एवढी मेहनत करतो, घरी जाऊन तुम्ही काय करता नक्की? चकल्या खाता का?”

“भाकरी दिसत नाही मला, चकली कुठली,” मी म्हटलं.

हे माझ्याबरोबर यायचे आणि बाहेर बाकावर बसायचे. एक दिवस बाहेरचा पंखा बंद होता. तिने ह्यांना आत बोलावून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. मी टेबलावर आडवी होते. किती वेळ लागेल असं ह्यांनी खुणेने विचारलं, तेव्हा मी त्यांच्याकडे मान वळवून सांगितलं, ‘अजून थोडा वेळ, मग खाली चहा घेऊ.’

तिचा हात माझ्या गालावर होता. तो एकदम थांबला. “काकू, हे काय केलंत आता?”

“कुठे काय? ह्यांना सांगितलं.”

“परत सांगा. जसं सांगितलंत तसंच.” तिने मला उठवून भिंतीवरच्या आरशासमोर उभं केलं आणि दोन बोटं माझ्या दोन्ही कानांपुढे ठेवली. मी आरशातल्या ह्यांना पुन्हा सांगितलं. इतक्या वर्षांत मी स्वतःला असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. जबडा खाली जात होता, बाजूला सरकत होता, ‘चहा’ म्हणताना तर गाढव ओरडताना लोंबतो तसा लोंबत होता. दुखत असूनही मी तो ताणून ताणून उघडत होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मला हसू आलं आणि लाजही वाटली.

“दिवसभर असंच बोलता?”

“हो.”

“कधीपासून?”

“लग्न झाल्यापासून.”

ती पोरगी स्टुलावर बसलीच. “आणि मी विचारलं तेव्हा म्हणालात, मी बोलतच नाही.”

“अगं, आवाज कुठे असतो?” मी म्हटलं. मला खरंच ते बोलणं वाटलं नव्हतं. दात आवळण्यावर पट्टी, सुजेवर गोळी, स्नायूंवर तेल. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं इतके महिने चाललं होतं, आणि त्यात त्या बिचाऱ्यांची काही चूक नव्हती. त्यांनी विचारलं होतं.

तिने मला नीट समजावलं. फक्त ह्यानेच झालं असं नाही म्हणणार, पण हे चालू राहिलं तर पट्टी, व्यायाम, अगदी सांधा धुणंसुद्धा पाण्यात जाईल. काही दिवस तरी हे बोलणं पूर्ण बंद. लिहून सांगा, खुणा करा. “पुढे?” मी विचारलं. पुढेही थोडंच, म्हणाली, पूर्वीसारखं नाही. ज्याच्यासाठी मी जबडा दुरुस्त करायला निघाले होते, तेच सोडायला ही सांगत होती.

“काय म्हणतायत म्याडम?” ह्यांनी त्यांच्या मोठ्या आवाजात विचारलं.

‘मऊ खा म्हणतात,’ मी सांगितलं.

हे माझ्याकडे बघत राहिले. मग तिला म्हणाले, “म्याडम, तो मास्क खाली करा आणि मला सांगा.” पोर सालस होती. तिने मास्क खाली केला, सावकाश एकेक शब्द बोलली, आणि बोलता बोलता बोट माझ्या तोंडाकडे नेऊन मग त्यांच्या डोळ्यांकडे नेलं. त्यांनी तिचे ओठ वाचले की बोट वाचलं, मला माहीत नाही. “अच्छा,” ते म्हणाले. खाली आम्ही चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी माझ्याकडे बघणं बंद केलं. आधी मला वाटलं रुसलेत. मी चहा देताना काही सांगायला गेले की हे कपात बघायचे. मी जवळ गेले की खिडकीकडे वळायचे. मी समोर येऊन तोंड उघडलं की डोळे मिटून घ्यायचे, लहान पोरं कडू औषधापुढे मिटतात तसे घट्ट. फळा त्यांनी स्वतः काढून पुसून टेबलावर ठेवला. मी त्यावर ‘रागावलात का?’ लिहिलं. त्यांनी ते वाचून, पुसून खाली लिहिलं, ‘नाही. बरी हो.’ समोर बसून बोलू शकणाऱ्या माणसानेही लिहून उत्तर दिलं. मला तो फळा खिडकीतून भिरकावून द्यावासा वाटला.

आणि जबडा बरा व्हायला लागला. हे लिहिताना अजून संताप येतो. आठवड्या-आठवड्याला तोंड थोडं थोडं जास्त उघडायला लागलं. ठणका गेला. पोळी चावता यायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या पट्टीने झालं, वैद्यांना वाटलं तेलाने, सर्जननी सांगितलं आता धुवायची गरज नाही. फिजिओथेरपीवाल्या मुलीने माझ्या तोंडात तीन बोटं उभी घालून बघितली आणि टाळ्या वाजवल्या, “वा काकू! बघितलंत?” मी तिचे आभार मानले, खाली येऊन रिक्षात बसले आणि स्टेशनपर्यंत रडत गेले. रिक्षावाल्याने विचारलं, “काकी, कोण आजारी आहे का?” मी म्हटलं, नाही, आता सगळे बरे आहेत.

घरी सगळं सुरळीत चालू होतं. हे स्वतःच भाजी आणायचे, स्वतःच गोळ्या घ्यायचे, मला त्रास नको म्हणून काही विचारायचेही नाहीत. मी टीव्ही लावायचे आणि ते आत जाऊन झोपायचे. त्यांच्या तोंडून दिवसभरात “जेवू या” आणि “झोपतो” एवढंच यायचं. मी त्या चाळीतल्या दीड खोलीत, सहा माणसांत, ह्या माणसाशी जेवढी बोलले होते, तेवढी ह्या तीन खोल्यांत दोघंच असून बोलत नव्हते.

एक दिवस दुपारची जेवणं झाल्यावर हे बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते. मला काही महत्त्वाचं सांगायचं नव्हतं. समोरच्या बिल्डिंगला रंग लावत होते आणि अर्धी भिंत झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की हा रंग ठरलेला नाही. खाली भांडण जुंपलं होतं. सगळे गॅलऱ्यांत येऊन मजा बघत होते आणि ह्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं. मी समोर जाऊन उभी राहिले, तोंड उघडलं, आणि ह्यांनी डोळे मिटले.

मी खांदा हलवला. उघडेनात. उलट अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “दुखतं ना तुला? मग गप राहा ना गं. मला काय एवढं ऐकायचं राहिलंय आता?”

माझ्याकडे ह्याची उत्तरं होती, चांगली चारपाच होती, पण डोळे मिटलेल्या माणसाला ती देऊ कशी? मी ओरडले. खरा आवाज काढून, घसा फुटेस्तोवर ओरडले, “डोळे उघडा!” भांडणारी माणसं भांडण थांबवून वर बघायला लागली. ज्यांच्यासाठी ओरडले ते तसेच बसलेले. मग मी स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत आणलं आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून समोर बसले. माणूस डोळे मिटून किती वेळ बसेल? झोपले नव्हते हे कळत होतं, पापण्या थरथरत होत्या. मी हलले नाही. ऊन माझ्या पायांवरून त्यांच्या पायांवर गेलं.

शेवटी त्यांनी डोळे उघडले. मी वाटच बघत होते. आवाज न काढता, तोंड मोठं करून, एकेक अक्षर मांडत मी सांगितलं, ‘दुखलं तर दुखू दे. तुम्ही गेलात की मी गप्पच बसणार आहे. तोवर माझ्याकडे बघा.’

उजव्या कानशिलातून मानेपर्यंत कळ गेली. ह्यांनी तोंड फिरवलं नाही, शेवटपर्यंत बघितलं. मग त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला, त्यांनी बनियनला डोळे पुसले आणि म्हणाले, “शेवटचं नीट कळलं नाही. परत सांग.”

त्यांना सगळं कळलं होतं, हे मला दिसत होतं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.